आधी ट्रेडमिल की आधी वजनं? भांडुपच्या आमच्या जिमचा दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

पाचपैकी किती स्टार द्यायचे यावर दोन दिवस घोळत होते. संध्याकाळी सात ते नऊमध्ये जाणार असाल तर अडीच, सकाळी सहाला उठून जाणार असाल तर चार. जिम एकच, मशीनं तीच, फी पण तीच, तरी दीड स्टारचा फरक आहे आणि तो का आहे हे सांगायलाच एवढं लांबलचक लिहितेय. ज्यांना फक्त फी आणि पार्किंग बघायचंय त्यांनी सरळ खाली जा. (पार्किंग नाहीये, हे इथेच सांगून टाकते.)

नाव लिहीत नाही कारण मला अजून तिथेच जायचंय. भांडुप वेस्टला, एलबीएस रोडवरून आत, पहिला मजला, खाली मेडिकल आणि पोळीभाजी केंद्र. अशा दहा जिम सापडतील भांडुपात, त्यामुळे शोधत बसू नका.

मी ४२ वर्षांची, बीकेसीत बॅक ऑफिसला, दिवसाचे नऊ तास खुर्चीत आणि दोन अडीच तास रिक्षा, लोकल, परत रिक्षा. ऑफिसच्या मेडिकलमध्ये एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६.१ आला. आमचे डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे तुम्ही डायबिटीसच्या उंबरठ्यावर उभ्या आहात, आत जायचं की मागे फिरायचं ते बघा, रोज चाला आणि आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचला. मी हसले, म्हटलं डॉक्टर, बाजाराच्या दोन भरलेल्या पिशव्या घेऊन चार मजले चढते मी, लिफ्ट नाहीये आमच्याकडे. तर म्हणतात, त्या पिशव्या दर महिन्याला जड होत जातात का? नाही ना? मग तो व्यायाम नाही, ती हमाली. आता यावर काय बोलणार, गेले आणि वर्षाचं पॅकेज घेऊन आले.

पहिले चार महिने मी संध्याकाळच्या बॅचला जात होते. ऑफिसातून थेट, डबा आणि छत्री सकट. फ्लोअरवरचा ट्रेनर पोरगा चांगला आहे, वय फार तर चोवीस, सगळ्या बायकांना मॅडम आणि सगळ्या पुरुषांना भाई म्हणतो. त्याने पहिल्याच दिवशी नियम सांगितला, मॅडम लेडीजचं आधी अर्धा तास कार्डिओ, मग मशीन, मग स्ट्रेचिंग. मी विचारलं का, तर म्हणाला फॅट बर्न होतं ना मॅडम, बॉडी गरम होते. बरं म्हटलं, त्याला जास्त कळतं.

आता अडचण अशी की ट्रेडमिल चार आणि त्यातली तीन नंबरची मी जॉईन झाले त्या दिवसापासून बंद. हँडलवर ए-फोर कागद चिकटवलाय, 'मशीन बंद आहे', त्याची टोकं मुडपलीत आणि कागद पिवळा पडलाय. संध्याकाळी साडेसातला त्या उरलेल्या तीन ट्रेडमिलसमोर जी लाईन असते ती बघून मला घाटकोपरच्या मेट्रोच्या ब्रिजची आठवण येते. वीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही असा बोर्ड आहे पण एक काकू आहेत त्या टॉवेल टाकून स्क्रीनवरचा टाइम झाकतात, कोणी काही बोलत नाही. म्हणजे लाईनीत पंधरा मिनिटं, मशीनवर पंचवीस, आणि मग पाय ढिले पडल्यावर वजनांकडे जायचं, तोवर साडेआठ वाजलेले, घरी पोरगा भूक लागली म्हणून तिसऱ्यांदा फोन करतोय. वजनं व्हायची कशी? उरकून. दहा मिनिटांत चार मशीनं, प्रत्येकाला एक सेट, घाम पुसला, चपला बदलल्या, चला.

हे असंच चाललं असतं, पण एका गुरुवारी गोंधळ झाला. त्या दिवशी नेमकी ट्रेडमिल लवकर मिळाली म्हणून मी पस्तीस मिनिटं इन्क्लाईन लावून चालले, मस्त वाटत होतं, कानात गाणी. मग ट्रेनरने लेग डे म्हणून हातात बारा किलोचा डंबेल दिला, छातीशी उभा धरून स्क्वॉट मारायचे, बारा-बाराचे तीन सेट. पहिला सेट झाला. दुसऱ्यात सातव्या-आठव्याला खाली गेले आणि वर येताना उजवा गुडघा आपोआप आत वळला, मला आरशात दिसत होतं तो वळतोय, मी मनात म्हणतेय बाहेर काढ बाहेर काढ, आणि पाय ऐकतच नाहीये. मी घाबरून डंबेल सोडला. पायाच्या अंगठ्यापासून चार बोटं अंतरावर पडला. आवाज एवढा झाला की खालच्या मेडिकलवाल्याने वर येऊन विचारलं. मॅनेजर धावत आला, मला वाटलं विचारेल लागलं का, त्याने आधी वाकून टाइल बघितली. ते दृश्य मी विसरणार नाही. मॅडम डंबेल असा सोडायचा नसतो, म्हणे. ट्रेनर तेव्हा दुसऱ्या टोकाला तीन मुलांना बेंचवर स्पॉट, म्हणजे वजन उचलताना आधार, देत होता, त्याचा तरी काय दोष, चाळीस माणसांत दोन ट्रेनर.

दुसऱ्या दिवशी जिना मी उलटी उतरले, कठडा धरून, एकेक पायरी. शेजारच्या आजींनी विचारलं अगं काय झालं, म्हटलं तब्येत सुधारतेय.

त्यानंतर दोन आठवडे गेलेच नाही. मग पैसे भरलेत म्हणून जीव तुटायला लागला आणि मी सकाळची बॅच घेतली, सहा ते सव्वासात, कारण त्यानंतरची गाडी चुकली तर ऑफिसात हाफ डे लागतो. आणि इथे भेटले सकाळचे सर. साठीला आलेले, मूळचे लालबागचे, गिरण्या चालू होत्या तेव्हाच्या व्यायामशाळेत घडलेले, तरुणपणी मल्लखांब केलेला, आता पोट थोडं सुटलंय पण पकड अशी की शेकहँड करताना आपण आधी अंगठी काढून ठेवावी. सर माझ्या वहीत बघून म्हणाले (वही मी पहिल्या दिवसापासून ठेवतेय, बॅक ऑफिसची सवय), ताई, हे उलटं का लिहिलंय? म्हटलं काय उलटं? तर म्हणाले, पगार झाला की आधी हप्ता भरता की आधी हॉटेलात जाता? म्हटलं हप्ता. मग पायात ताकद आहे तोवर ज्याला ताकद लागते ते काम करा की, चालायला काय, दमलेला माणूस पण चालतो, रात्री शेवटच्या लोकलमधून उतरून सगळे चालतच घरी जातात ना, पण त्या माणसाला सांगा गॅसचा सिलेंडर उचल म्हणून.

तेव्हापासून क्रम असा झाला. पाच ते सात मिनिटं सायकल, हलकी, नुसती सांधे सुटायला. मग हात-खांदे-कंबर फिरवणं, रिकाम्या हाताने दहा स्क्वॉट. मग वजनं, जड आधी, म्हणजे लेग प्रेस, रोइंग, छातीचं मशीन, मग हलकी. आणि शेवटी वीस-पंचवीस मिनिटं ट्रेडमिल, जी सकाळी सहा चाळीसला कायम रिकामी असते, तिन्हीच्या तिन्ही. इथे एक गोष्ट सांगते जी संध्याकाळी मला कोणी सांगितली नव्हती, ती म्हणजे वॉर्मअप आणि कार्डिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉडी गरम व्हायला पाच-दहा मिनिटं पुरतात, त्यासाठी अर्धा तास धापा टाकत चालायची गरज नाही. संध्याकाळी हे दोन्ही एकत्र करून आम्हाला पाजत होते.

वहीतले आकडे देते, ज्याला पटतील त्याने घ्यावे. संध्याकाळचे सहा आठवडे, ट्रेडमिल आधी, लेग प्रेस दहाचा एक सेट, ५० किलोवरून ६० वर आले. सकाळचे सहा आठवडे, वजनं आधी, ६० वरून ८० वर. आणि ट्रेडमिल? पूर्वी ताज्या पायांनी पंचवीस मिनिटांत २.३ किलोमीटर व्हायचे, आता वजनांनंतर २.१ होतात. म्हणजे फुकट काही मिळत नाही, जे नंतर कराल ते थोडं पडणारच. पण धाप तेवढीच लागते, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत, आणि माझ्या हार्टला किलोमीटर मोजता येत नाहीत, त्याला धापच कळते. हां, यात बाकीचे फरकही आहेत ते लपवत नाही, सकाळी मी झोपून आलेली असते, संध्याकाळी नऊ तास काम करून. सरांचं लक्ष असतं. एक सेट ऐवजी तीन सेट होतात. त्यामुळे सगळं श्रेय क्रमाला द्यायला मी काही तयार नाही, पण गुडघा परत आत वळलेला नाही हे खरं.

मग मला किडा चावला आणि मी यावर वाचायला लागले. रीलवाले तर दोन्ही बाजूंनी ओरडत असतात. एक म्हणतो वजनं आधी मारली की अंगातलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं, मग कार्डिओत नुसती चरबीच जळते. अरे बाबा, स्नायूंमध्ये मिळून साधारण ४०० ग्रॅम आणि लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास साठा असतो, माझ्यासारखीच्या चार मशीनांनी तो काय संपणारे? आणि त्या वीस मिनिटांत चरबी थोडी जास्त जळली तरी उरलेल्या तेवीस तासांत शरीर हिशोब बरोबर करून टाकतं, शेवटी दिवसाला खाल्लं किती आणि खर्च झालं किती यावरच वजन ठरतं. दुसऱ्या बाजूचा रीलवाला म्हणतो कार्डिओ केलं की मसल जातात. हे पण तितकं सरळ नाहीये.

या दुसऱ्या गोष्टीमागे एक मजेशीर किस्सा आहे. रॉबर्ट हिक्सन म्हणून अमेरिकेतला माणूस, वजनं मारणारा गडी, तो सेंट लुईसला जॉन होलोझी नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये शिकायला गेला. होलोझी साहेब रोज दुपारी पळायला जायचे. साहेब पळतायत म्हटल्यावर हा पण पळायला लागला (हे कुठल्या ऑफिसात होत नाही सांगा), आणि वजनं चालूच होती तरी याची ताकद आणि अंग उतरायला लागलं. साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, तुझी स्वतःची लॅब झाली की पहिला अभ्यास यावरच कर. त्याने खरंच केला, १९८० मध्ये छापला. दहा आठवडे, तीन गट, एक नुसती वजनं, एक नुसतं पळणं-सायकल, एक दोन्ही. दोन्हीवाल्या गटाची ताकद सहा-सात आठवडे वजनवाल्यांसारखीच वाढली आणि मग थांबली, शेवटच्या दोन आठवड्यांत खाली आली. स्टॅमिना मात्र दोन्हीवाल्यांचा पळणाऱ्यांइतकाच वाढला. म्हणजे पळण्याने ताकदीचं नुकसान, ताकदीने पळण्याचं नुकसान नाही.

पण हे सांगताना रीलवाले एक गोष्ट गाळतात, ती माणसं आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस कार्डिओ करत होती, आणि तेही जीव तोडून. आपण येतो आठवड्यातून तीन दिवस, तेही मध्य रेल्वेच्या मनात असेल तर. आपल्याला त्या पातळीची भीती बाळगायचं काही कारण नाही. माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, तो मला एएमपीके आणि एमटॉर अशी पेशींमधल्या दोन प्रथिनांची नावं सांगत होता, एक दमसासाच्या व्यायामाने जागं होतं आणि दुसऱ्याला, म्हणजे स्नायू बांधणाऱ्याला, ब्रेक लावतं. ते खरंय, पण माणसांमध्ये ते इतकं चोख दिसत नाही म्हणतात. पुढे २०१८ मध्ये क्रमावरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब कोणीतरी मांडला, त्यात एवढंच निघालं की वजनं आधी केली तर पायांची ताकद थोडी जास्त वाढते, साधारण सात टक्क्यांच्या आसपास, आणि बाकी स्टॅमिना, स्नायूंची जाडी, चरबी यात आधी-नंतरचा फरक दिसला नाही. म्हणजे सरांचं पगार-हप्त्याचं गणित बरोबर, पण त्यावरून संध्याकाळच्या बॅचशी भांडायला जाण्याइतकंही मोठं नाही.

माझं मत असं झालंय की संध्याकाळचा तो नियम फॅट बर्नसाठी नाहीच, तो गर्दीसाठी आहे. चाळीस माणसं, दोन ट्रेनर, एक स्क्वॉट रॅक आणि त्याच्याभोवती आठ पोरं. नवीन माणसाला, त्यातून बाईला, अर्धा तास ट्रेडमिलवर चढवलं की ट्रेनरची अर्धा तास सुटका, रॅक पोरांना मोकळा, ट्रेडमिलवर पडायची भीती कमी, शिकवायचं काही नाही. 'लेडीजचं आधी कार्डिओ' यातलं लेडीज तर मला आता खटकतं, आमच्या पायांना वेगळं शास्त्र लागतं का? उलट चाळिशीनंतर हाडांसाठी वजनं आम्हालाच जास्त गरजेची.

बरं, सगळ्यांनी वजनंच आधी करावीत असं पण नाही. सकाळच्या बॅचला एक काका आहेत, मुंबई मॅरेथॉनला हाफ पळतात, दर जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी. ते पळून येतात आणि मग वजनं करतात, तीही हलकी, आणि मोठ्या रनच्या आदल्या दिवशी पायांना हातच लावत नाहीत. त्यांचं म्हणणं, पेडर रोडच्या चढावर लेग प्रेसचे किलो कामाला येत नाहीत. (सर यावर मान हलवतात, म्हणतात थोडे येतात.) त्यांचं बरोबरच आहे, ज्याला पळण्यात सुधारायचंय त्याने ताजे पाय पळायला द्यावेत. आणि ज्या दिवशी नुसते हात-खांदे असतात त्या दिवशी ट्रेडमिल आधी केली काय नंतर केली काय, मला तरी काही फरक जाणवला नाही. पायांच्या दिवशी ट्रेडमिलऐवजी सायकल घेतली तरी बरं पडतं, पळण्याने जेवढा ताकदीला धक्का बसतो तेवढा सायकलने बसत नाही असं काही जण म्हणतात.

अजून एक मुलगी आहे, पंचविशीची, दंडावर शुगरचा सेन्सर लावलेला, तिला टाइप वन डायबिटीस आहे लहानपणापासून. तिला तिच्या डॉक्टरांनीच सांगितलंय वजनं आधी कर म्हणून, कारण आधी कार्डिओ केलं की तिची शुगर भसकन खाली येते, आणि वजनांनी सुरुवात केली की हळू उतरते. कॅनडात टाइप वनच्या १२ जणांवर असा प्रयोग झालाय, २०१२ चा, त्यात हेच दिसलं. मी एकदा तिच्या मोबाईलवर तो ग्राफ बघितला, वजनं चालू असताना जवळजवळ सपाट आणि ट्रेडमिलवर गेल्यावर हळूहळू उतार. तरी खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवतेच. असं काही असेल तर जिमवाल्याला विचारू नका, आपल्या डॉक्टरला विचारा, आणि बीपी असेल तर वजन उचलताना श्वास रोखू नका, हे सर आम्हाला दर दुसऱ्या दिवशी ओरडून सांगतात.

आणि ज्याला यातलं काहीच नको, फक्त डॉक्टरच्या शिव्या वाचवायच्यात, त्याने जे आवडतं ते आधी करावं, कारण निदान जिमला येणं तरी होतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा, एवढीच आहे. स्टेशनपर्यंत रिक्षा न करता भरभर चाललात तरी त्यातली बरीच मिनिटं भरतात, मी सध्या तेच करते, मेट्रोच्या कामामुळे तशीही रिक्षा हलत नाही.

आता जिमबद्दल उरलेलं. एसी आहेत, दोन, एक लावतात. पावसाळ्यात बुटांच्या रॅकपाशी नाक धरून जावं लागतं, जून ते सप्टेंबर तो वास जातच नाही, बाहेरचे बूट आत चालत नाहीत हा नियम चांगला आहे पण मग निदान एक पंखा लावा तिथे. लेडीज चेंजिंग रूम स्वच्छ असते, कडी मोडली होती ती तक्रार केल्यावर दोन दिवसांत लावली, हा स्टार मी मनापासून दिलाय. डंबेल काही किलोत काही पाउंडात, नवीन माणूस २० वाचतो आणि नऊ किलोच उचलत असतो, त्यात काही पोरांचा आत्मविश्वास टिकून आहे तर राहू दे. गाणी सकाळी कमी आवाजात, संध्याकाळी छातीत धडधडतात. गणपतीत खाली मंडप पडतो तेव्हा दहा दिवस मागच्या जिन्याने जायचं आणि विसर्जनाच्या दिवशी सुट्टी, त्याबद्दल तक्रार नाही, वर्गणी मी पण देते.

पर्सनल ट्रेनिंगसाठी मागे लागतात. फार. डंबेल पडला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरचा फोन, मॅडम तुमचा फॉर्म (म्हणजे उचलायची पद्धत) चुकतोय, पीटी घ्या. म्हटलं फॉर्म चुकला कारण तुम्ही पस्तीस मिनिटं चालवून मग स्क्वॉट दिले. तर म्हणे पीटीमध्ये आपण प्रॉपर सिक्वेन्स देतो. म्हणजे बरोबर क्रम पाहिजे तर त्याचे वेगळे पैसे! सकाळच्या सरांनी तो फुकट सांगितला, तोही सिलेंडरच्या उदाहरणासकट.

फीचं ऐका. पहिल्या वर्षी १४,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२० भरले. मध्ये २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी ५ टक्के झाला, मी खूश, हिशोब करून ठेवला १४,७०० होणार. रिन्यूअलला गेले तर बेस रेटच १५,७०० केलेला. त्यावर पाच टक्के लावून १६,४८५. मॅनेजर सांगतो मॅडम आम्हाला आता इनपुट क्रेडिट (म्हणजे जिमने खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. ते खरंय, नवीन दरात मिळत नाही, पण तेरा टक्के टॅक्स कमी होऊन माझ्या हातात वाचले किती? पस्तीस रुपये. वडापाव आणि कटिंग. तेवढं खाऊनच घरी आले, डॉक्टरला सांगू नका. तुम्ही रिन्यू करायला जाल तेव्हा जुनी पावती सोबत न्या आणि जुन्याच बेस रेटची मागणी करा, माझ्यासोबतच्या एकीने आवाज चढवला तर तिला १५,००० ला केलं, मी आधीच स्कॅन करून बसले होते.

एचबीएवनसी ५.८ आला दीड वर्षाने. यात रात्रीचा भात अर्धा केला त्याचा पण हात आहे, जिमने स्वतःच्या बोर्डवर माझं नाव लावायची गरज नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी झोप उघडली नाही म्हणून बऱ्याच महिन्यांनी संध्याकाळच्या बॅचला गेले. तीच लाईन, त्याच काकू, तोच टॉवेल. एक नवीन बाई लाईनीत उभी, खांद्याला ऑफिसची पर्स तशीच, आणि आमचा पोरगा तिला सांगतोय, मॅडम आधी अर्धा तास कार्डिओ. मी लेग प्रेसवरून हाक मारली, म्हटलं ताई, इकडे या, हे रिकामं आहे, नंबर येईपर्यंत दोन सेट करून घ्या. ती म्हणाली चालतं का असं? पोराने माझ्याकडे बघितलं, लाईनीकडे बघितलं, आणि म्हणाला हां हां चालेल मॅडम, फक्त पाच मिनिटं सायकल मारून घ्या आधी. बरंय, तेवढं तरी शिकलाय.

तीन नंबरच्या ट्रेडमिलवरचा कागद मात्र बदललाय. आता लॅमिनेट करून लावलाय.